निरोगी नमुना क्रमांक एक

२६ मे २०२५, सोमवार

आज प्रकल्पातला सत्ताविसावा रुग्ण आला. नाव नागसेन, वय तेहेतीस, वजन अठ्ठेचाळीस किलो. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. थुंकीत टीबीचे जंतू सापडले आहेत. गोळ्या सुरू होण्याआधीचं रक्त आम्हाला हवं असतं, म्हणून ओपीडीतून त्याला थेट आमच्या लॅबमध्ये पाठवलं. नर्सची बदली झाल्यापासून रक्तही मीच काढते. शीर लवकर सापडेना.

"घ्या मॅडम आरामात," तो म्हणाला. "मले आज कुठी जायचं नाही. मालकानं पंधरा दिवसांची सुट्टी देली. न मागता देली. अन् माह्या खोलीतला पार्टनर कालच गादी उचलून गेला."

या रक्ताचं करता काय, असं त्याने विचारलं. माहितीपत्रक वाचून दाखवायचा नियम आहे, पण ते ऐकून कुणालाच काही कळत नाही. मी साधं सांगितलं: रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात. जंतू ओळखला की त्या इंटरफेरॉन नावाचं एक द्रव्य सोडतात. त्या निरोपावर जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी कामाला लागतात. टीबी फार दिवस अंगात राहिला की या निरोप देणाऱ्या पेशी कमी होतात, आणि ज्या उरतात त्यांचाही आवाज बसतो. गोळ्यांनी तो परत येतो का आणि किती, हे आम्ही बघतो.

"म्हणजे माह्या पेशी झोपल्या?"

"झोपल्या नाहीत. थकल्या."

त्याने मान हलवली. दुपारी मोजल्या तर दहा मिलिलीटर रक्तातून त्याच्या बावन्न लाख पेशी निघाल्या. माझ्या एक कोटी दहा लाख.

माझ्या कशा, हेही इथे लिहून ठेवते. रुग्णांच्या प्रत्येक तुकडीबरोबर एका निरोगी माणसाचं रक्त चालवायचं आणि ते दर वेळी त्याच माणसाचं असायचं, हा आमच्या प्रमुख डॉ. उत्तरा यांचा नियम. गेल्या वर्षी सगळ्या तपासण्या करून त्यांनी मला निवडलं. नळीवर माझं नाव नसतं. 'नि-१' असतं. निरोगी नमुना क्रमांक एक.

३० मे, शुक्रवार

प्लेट वाचली. छोट्या छोट्या खळग्यांची ती प्लास्टिकची पाटी. जितकं इंटरफेरॉन जास्त, तितका रंग गडद पिवळा. प्रत्येकाच्या पेशींना दोन गोष्टी दाखवतो. एक टीबीच्या जंतूचं प्रथिन. दुसरं राजम्यातून काढलेलं एक द्रव्य, जे कुठल्याही धडधाकट पेशीला हलवून जागं करतं. नागसेनच्या पेशी दोन्हींपुढे गप्प. त्याचे खळगे पाण्यासारखे दिसत होते. माझा राजम्याचा खळगा हळदीसारखा.

आपल्या खळग्याकडे बघून मला बरं वाटतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्यात निदान एवढं तरी खणखणीत आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

चार वाजता सिंधूताई चहा घेऊन आल्या. लॅबची झाडपूस त्या करतात. लॅबमध्ये खाणंपिणं चालत नाही म्हणून माझ्या केबिनमध्ये येतात. एसीसाठी दार लावून घेतात आणि मी कप खाली ठेवीपर्यंत समोरच्या स्टुलावर बसतात. मी आकडे भरत असते, त्या बोलत असतात. आज त्यांच्या सुनेच्या बदलीचं चाललं होतं. मला एकटीला बसायला आवडतं, पण तसं म्हणवत नाही.

३ जुलै, गुरुवार

समोरच्या प्लॉटवर इमारत उठते आहे. मनीषनगरात आता मोकळा प्लॉट उरलेलाच नाही. दिवसभर सिमेंट उडतं. आठवडाभर कोरडा खोकला आहे, खिडक्या बंद ठेवते.

संध्याकाळचं चालणं लागू पडलेलं दिसतं. ब्लाउज सैल व्हायला लागलेत. काट्यावर तीन किलो कमी.

अनंतचा हैदराबादहून फोन. आई गेल्यापासून तो पंधरा दिवसांनी करतो. त्याच्या मोबाइलमध्ये आठवण लावलेली असावी, कारण वेळ ठरलेली असते. "ताई, सगळं ठीक?" "ठीक." "जेवतेस ना?" "जेवते." चार मिनिटं.

२८ जुलै, सोमवार

नागसेन दोन महिन्यांच्या रक्तासाठी आला. मी ओळखलंच नाही. वजन चोपन्न, गालांवर मांस, अंगात इस्त्रीचा शर्ट. थुंकी साफ आली आहे. मालकाने परत कामावर घेतलं. पार्टनर मात्र परतला नाही. "आता खोली मोठी वाटते," म्हणाला. नरखेडकडे त्याचं गाव आहे, घरचे संत्र्याच्या बागेत कामाला जातात. त्यांना त्याने अजून सांगितलेलं नाही. ओव्हरटाइम आहे, म्हणून सुट्टी नाही, असं सांगतो.

दुपारी थांबलाच. पेशी मोजून बाहेर आले तर बाकावर बसलेला.

"किती निघाल्या मॅडम?"

रुग्णाला आकडा सांगायचा नाही, असा नियम आहे. मी सांगितला. "चौऱ्याऐंशी लाख."

त्याने आकडा पुटपुटून बघितला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचा खोकला केव्हापासून आहे?"

"घरासमोर बांधकाम चालू आहे."

"मीबी तेच म्हणत होतो. गोदामातली धूळ आहे म्हणत होतो. चार महिने."

मी त्याला बस सुटेल म्हणून सांगितलं. रुग्णांना थोडी माहिती मिळाली की त्यांना सगळ्यांमध्ये तोच रोग दिसायला लागतो. माणूस चांगला आहे, म्हणून राग आला नाही. थोडा आला.

माझ्या पेशी आज चौऱ्याहत्तर लाखच निघाल्या. पेशी वेगळ्या करायचं द्रावण जुनं झालं असणार. नवी बाटली मागवली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

प्लेट बिघडली. रुग्णांचे खळगे अपेक्षेप्रमाणे. नागसेनच्या खळग्यात छान रंग चढला आहे. माझा मात्र फिका. राजम्याचं द्रव्य त्या खळग्यात पडायचं राहिलं असेल. वीस वर्षांत असं माझ्याकडून दोनदाच झालं आहे. वहीत 'तांत्रिक दोष' लिहिलं आणि माझा आकडा खोडला.

एसी फार थंड ठेवतात. चार-पाच वाजले की हुडहुडी भरते. सकाळी उशी ओली असते. उकाडा.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबतीची सुट्टी. पुतळ्यांच्या मिरवणुकीने रस्ते बंद असणार म्हणून घरीच थांबले. अकरा वाजता बेल वाजली. सिंधूताई. इतवारीत मिरवणूक बघायला गेल्या होत्या, तिथून आल्या. इतवारी कुठे, मनीषनगर कुठे. "इकडं एक काम होतं," म्हणाल्या. काय काम ते सांगितलं नाही. डब्यात वडे होते.

"पिवळी मारबत काय सजवली होती. लोकं बोंबलून राहिले, रोगराई घेऊन जा म्हणून. मी तुमचा खोकला सांगून आली तिले."

मी हसले आणि खोकला सुरू झाला. बराच वेळ थांबेना. त्या पाणी घेऊन उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही वाळून राहिल्या. डॉक्टरच्या घरात राहून डॉक्टरले दाखवत नाही."

"लॅब म्हणजे डॉक्टरचं घर नाही सिंधूताई."

"मंग काय आहे?"

वडे दोनच खाल्ले. भूक नव्हती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा तेच. बाटल्या नव्या, प्लेट नवी, माझा हात तोच. रुग्णांचे खळगे ठीक, माझा फिका. पेशी त्रेसष्ट लाख.

डॉ. उत्तरांनी प्लेट उजेडाकडे धरली. "अरुंधती, रुग्णांचं सगळं नीट येतंय. फक्त निरोगी नमुनाच दर वेळी बिघडतोय. पुढच्या तुकडीपासून दुसऱ्या कुणाचं रक्त घेऊया. नवीन मुलगी आली आहे ना, मुग्धा. तिच्या तपासण्या करून घेते."

"माझी एक चूक झाली म्हणून?"

"चूक म्हणत नाहीये मी." चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "तुझी तब्येत कशी आहे?"

"ठीक."

त्या पुढे काही बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

चौदा महिने माझं रक्त मोजपट्टी होतं. चोवीस वर्षांच्या मुलीला आता ते काम. असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सोमवारी कुणाला न सांगता एक प्लेट लावली होती. मुग्धाचं रक्त आणि माझं. एकाच वेळी, एकाच बाटलीतून, शेजारशेजारच्या खळग्यांत. दोष बाटलीत आहे की हातात, हे मला कळायला हवं होतं.

आज वाचली. मुग्धाचा खळगा हळदीसारखा. माझा पाण्यासारखा.

खळगे बदलून पुन्हा मोजले. मग स्टुलावर बसले. हा नमुना ओपीडीतून नंबर लावून आला असता तर मी एका नजरेत सांगितलं असतं. सांगतेच की, रोज. तीन महिन्यांत सात किलो. संध्याकाळची हुडहुडी. ओली उशी. प्रत्येक रुग्णाला मी हेच प्रश्न विचारते आणि त्यांनी 'धूळ आहे' म्हटलं की मनात म्हणते, काय ही माणसं.

माझ्या पेशी मे महिन्यानंतर मला सांगत होत्या. मी त्यांच्यापुढे 'तांत्रिक दोष' लिहीत होते.

जाऊन थुंकीची डबी घेतली. खिडकीवरच्या माणसाने रुग्णाचं नाव विचारलं. मला वाटलं, तो मला ओळखतो. ओळखत होता. त्याला वाटलं, मी कुणा दुसऱ्यासाठी नेते आहे.

१६ सप्टेंबर

आहे. औषधांना दाद देणारा आहे, म्हणजे साधा. सहा महिने.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहिल्या गोळ्या आज घेतल्या. महिनाभराची रजा. डॉ. उत्तरांनी जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. मी मागे सरकले. मास्क दोघींनाही होता.

टीबी केंद्रात गिरिधर नावाचा आरोग्य कर्मचारी आहे. त्याच्यापुढे फॉर्म भरायचा असतो. मी त्याच्याकडे कितीतरी रुग्ण पाठवले आहेत. टेबलाच्या या बाजूला पहिल्यांदा बसले.

"घरात आणखी कोण आहे मॅडम?"

"कोणी नाही."

"गेल्या तीन महिन्यांत घरी कोणी राहून गेलं? पाहुणे?"

"नाही."

"एका बंद खोलीत रोज कोणासोबत बसता? मैत्रीण, शेजारी, कोणीपण. त्यांची तपासणी करावी लागते ना."

मी आठवत राहिले. मुग्धा, डॉ. उत्तरा, सगळ्या मास्क लावून, मोठ्या खोलीत, कामापुरत्या. शेजारच्या बाईंशी जिन्यात बोलणं होतं, तेही पाण्याच्या टाकीबद्दल. त्या रकान्यात सहा ओळी होत्या. गिरिधर पेन धरून थांबला होता. सहापैकी एकही ओळ भरता येत नाही, हे त्याला कसं सांगावं, याचाच मी विचार करत होते.

"माह्यं लिहा," मागून आवाज आला.

सिंधूताई दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं, मला इथे सोडून त्या कधीच वर लॅबमध्ये गेल्या.

"सिंधू आनंदराव मेश्राम, वय अठ्ठावन. रोज चार वाजता, दार लावून, अर्धा घंटा. तीन वर्षांपासून."

गिरिधरने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. अर्धा तास रोज. म्हणजे जूनपासून, मी खोकत असताना, त्या बंद केबिनमध्ये, समोरच्या स्टुलावर. माझ्या लक्षात कसं आलं नाही. आता आलं.

"तुम्हाला झालं असेल तर?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तपासतेत ना ते. झालं तं गोळ्या आहे."

"सिंधूताई, माझ्यामुळे."

"कोणाचं कोणाले लागलं हे हवा थोडी सांगते. चला, ऊन लागून राहिलं."

२७ सप्टेंबर, शनिवार

मळमळ. लघवी संत्र्याच्या रसासारखी होते. गोळीचा रंग आहे, हे मला माहीत असूनही पहिल्या दिवशी दचकले. नागपूरकराला शोभेल असा रंग.

सिंधूताईंचा निकाल आलेला नाही. त्यांच्या घरी सून आहे, नातू आहे. दिवसभर फोन हातात धरून बसले. अनंतला शेवटी सांगितलं. तो म्हणाला, "पण तुला कसा झाला? म्हणजे, असा आजार आपल्याकडे..." मग म्हणाला, "दिवाळीला इकडे यायची दगदग करू नकोस. तू आराम कर." तोपर्यंत मी कुणालाही लागण देण्यासारखी राहणार नाही, हे मी त्याला सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. पोरं लहान आहेत त्याची. काळजी वाटणारच.

५ ऑक्टोबर, रविवार

सिंधूताईंचा एक्स-रे साफ. मी खुर्चीतच बसून राहिले. हातावर दिलेलं तपासणीचं इंजेक्शन मात्र सुजलं, म्हणजे जंतू आत शिरलेला आहे पण निजलेला आहे. त्यांच्या पेशींनी त्याला घेरून बसवलंय. तो उठू नये म्हणून आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे. माझ्याकडून शिरला की वीस वर्षांपूर्वी आणखी कुणाकडून, हे कुठल्याच प्लेटवर दिसणार नाही. मला ते दिसलं असतं तर बरं झालं असतं, किंवा फार वाईट.

गोळ्या घेऊन त्या माझ्याकडेच आल्या. गुरुवारी दीक्षाभूमीला गेल्या होत्या, घरात गावचे चौदा पाहुणे, तरी आल्या.

"मले वार ध्यानात राहत नाही बाई. दर रविवारी तुमच्याकडं येऊन खाईन. तुमच्या समोर."

इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरून मेट्रो आणि मग चालत. मी म्हटलं, फोनवर आठवण करत जाईन. नको म्हणाल्या, फोनवर विश्वास नाही. वास्तविक पौर्णिमा, नातवाच्या लसी, लॅबमधल्या सगळ्यांच्या सुट्ट्या त्यांना पाठ असतात. वारच तेवढा राहत नाही. वय झालं.

१९ ऑक्टोबर, रविवार

तिसरा डोस. "बाई, हे लघवी..." म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. मी सांगितलं, माझीही. दोघी हसलो. त्या गेल्यावर घर फार शांत झालं. पूर्वी ते इतकं शांत नव्हतं, असं उगाच वाटत राहिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

परत कामावर. रुग्णांपासून लांब, कागदपत्रांवर. समोरच्या इमारतीने आज दिवाळीचा आकाशकंदील लावला. वर अजून कोणी राहायला आलेलं नाही, वॉचमनने लावला असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या दोन महिन्यांच्या रक्ताचा दिवस. थुंकी साफ आहे, वजन साडेतीन किलो वाढलं. आता माझ्या नळीवर रुग्ण क्रमांक अडतीस असतो. मुग्धाने रक्त काढलं. तिचा हात हलका आहे. तीनच्या सुमारास मी लॅबच्या दारात उभी राहिले.

"किती निघाल्या ग?"

"मॅडम, सांगता येत नाही ना. तुम्हीच शिकवलंय."

बरोबर आहे. मी बाकावर जाऊन बसले. तिथे नागसेन होता. आज त्याचं शेवटचं रक्त, सहा महिने पूर्ण. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातावरच्या कापसाकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. 'मी सांगितलं होतं' असं काही म्हणाला नाही.

"घरी सांगितलं," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात. आई रागावली. बिमार होतो म्हणून नाही. सांगितलं नाही म्हणून."

"मग?"

"मंग आली वाडीले. आठ दिवसांसाठी आली होती. आता जातच नाही म्हणते." जरा थांबून म्हणाला, "तुमच्याकडं कोण आहे मॅडम?"

"मी एकटीच असते. रविवारी आमच्या लॅबमधल्या एक बाई येतात. त्यांना वार लक्षात राहत नाही म्हणून."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आकडा चुकीचा वाचला होता.

पाच वाजता डॉ. उत्तरा जाता जाता थांबल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "एक्क्याण्णव लाख," आणि निघून गेल्या. मी बाकावर बराच वेळ बसून होते. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. चार कधीच वाजून गेले होते, सिंधूताईंची वेळ टळलेली. तरी केबिनमध्ये गेले तर त्या स्टुलावर बसून होत्या, चहा झाकून.

२१ डिसेंबर, रविवार

बारावा डोस. रिकामी पाकिटं मी मोजून कागदावर चिकटवली, तो कागद गिरिधरला द्यायचा. सिंधूताईंनी वाटीतली शेवटची गोळी गिळली, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "झालं माह्यं."

"झालं," मी म्हटलं. "आता इतक्या लांब यायची कटकट संपली तुमची."

त्यांनी 'हं' म्हटलं. जिन्यातून खाली उतरताना कठडा धरून उतरतात, गुडघे दुखतात. ते मला आजच दिसलं. अकरा रविवार त्या याच जिन्याने चढल्या असणार.

माझ्या गोळ्या मार्चपर्यंत आहेत.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी कपाट आवरायला काढलं. रविवार असला की हल्ली लवकर जाग येते, सवय लागली. मध्येच घड्याळ बघत होते आणि स्वतःवर चिडत होते. अकरा वाजता एकटीपुरता भात लावला. सव्वाअकराला बेल वाजली.

सिंधूताई धापा टाकत होत्या. पिशवीत मेथीची जुडी. हात रिकामे नसावेत म्हणून आणलेली.

"तुमच्या गोळ्या तर संपल्या," मी म्हटलं. दारातच उभी होते, त्यांना आत घ्यायचंही सुचेना. "मग आज काहून आल्या?"

"माह्या संपल्या. तुमच्या कुठी संपल्या?"

मी दार सोडून बाजूला झाले. त्या आत आल्या, चप्पल काढली, स्वयंपाकघरात जाऊन भाताचं झाकण उचलून बघितलं.

"एवढाच लावला?" म्हणाल्या.

मी डब्यातून आणखी एक वाटी तांदूळ काढला आणि धुवायला घेतला. नळ चालू होता, म्हणून माझं मुसमुसणं त्यांना ऐकू गेलं नसेल.